तीन वारांची लमश्तू

मोसुलमधला आमचा नश्वान इतिहासाचा मास्तर. बाबिलोनच्या जुन्या देव-राक्षसांवर त्याने एक खेळ रचला होता. आम्ही वीर व्हायचो आणि फासे टाकून लढायचो. तान्ही बाळं उचलून नेणारी लमश्तू त्याने सोपी ठेवली होती. तिच्या कार्डावर पेन्सिलीने लिहिलं होतं: तीन वारांत खलास. म्हणजे आम्ही कंटाळत नसू.

एकदा चहा घेऊन आलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीने, खौलाने, ते कार्ड वाचलं. तिची दोन बाळं पाळण्यातच गेली होती.

"तीन वारांत मरते?" ती हसली. "मग मास्तर, तेव्हाच सांगायचंस की रे मला!"

नश्वानची मान खाली गेली. "चुकलो, ताई. अमर करतो तिला." त्याने खोडरबर उचललं.

तिने त्याचा हात धरला. "नको. इथे तरी मरू दे."

ती आमच्यात बसली. तिच्या हातात फासे देताना नश्वानला तिच्याकडे बघवेना.