उशाची बाजू

तेल्शेई गावाच्या बाहेर, तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर झेनोनास यांचे गॅरेज होते. चाळीस वर्षे त्या एकाच छपराखाली त्यांनी दुसऱ्यांनी वापरून विकलेल्या गाड्यांची सेवा केली. सेवा हाच शब्द योग्य. कारण परदेशांतून बाजारात आलेल्या त्या जीर्ण वाहनांकडे ते, वृद्ध रुग्णाकडे वैद्याने पाहावे, तसे पाहत. आधी ऐकत, मग हात लावीत, आणि सर्वांत शेवटी तपासणीचे यंत्र जोडीत. पंचक्रोशीत त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई.

ऑक्टोबरच्या अखेरच्या त्या सकाळी मात्र त्यांच्या कपाळावरची आठी मोडत नव्हती.

समोरची चौदा वर्षांची करडी गाडी ल्युत्सियाबाईंची होती. त्या फिरत्या परिचारिका. रानाकडेच्या एकाकी घरांतील रोग्यांकडे रोज जाणाऱ्या. महिन्यापूर्वी उजव्या पुढच्या चाकाची घरघर झेनोनास यांनी नवे बेअरिंग बसवून थांबवली, आणि दुसऱ्याच दिवशी एबीएसचा पिवळा दिवा लागला. ब्रेक दाबताच चाके जखडून गाडी घसरू नये म्हणून केलेली ती योजना, दिवा लागला की निद्रिस्त होते. साधे ब्रेक लागतात, पण निसरड्या वाटेवर त्यांचा भरवसा नसतो. गेल्या आठवड्यात गाडी घसरून चरात गेली होती. आता तर पहाटेचे दव गोठू लागले होते.

उजव्या पुढच्या चाकाच्या वेगाचा संदेश येत नाही, एवढेच यंत्र सांगे. झेनोनास यांनी सेन्सर बदलला, वायर हातभर हातभर तपासली, बर्फ वितळवायला हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाला दोष दिला. त्या सकाळी त्यांनी डाव्या-उजव्या चाकांचे सेन्सर आपापसांत बदलून पाहिले. तक्रार उजव्याच चाकाची राहिली. म्हणजे सेन्सर निर्दोष होता.

"उस्ताद, त्या जुन्या गाड्यांच्या बाजारातल्या लोकांसारखं करा की," उंबऱ्याच्या आत येत ल्युत्सियाबाई म्हणाल्या. "हा दिवा ऑइलच्या दिव्याला जोडून टाका. गाडी सुरू झाली की दोघं एकदम विझतील. तपासणीवालाही खूश, मीही खूश."

"आणि उद्या तुम्ही बर्फावर ब्रेक दाबलात की मीही खूश होऊ?"

"मग सांगा तरी, रोग काय आहे? महिना झाला. माझा एखादा पेशंट एवढ्यात बरा तरी होतो, नाहीतर सुटतो तरी."

"बेअरिंग नवंकोरं आहे, सिस्टर. चाक कसं शांत झोपल्यासारखं फिरतंय, बघा."

त्यांच्या भाषेत बेअरिंगला आणि बिछान्याला शब्द एकच: ग्वोलिस. अक्षाने ज्यावर अंग टाकावे ती शय्या. ल्युत्सियाबाई हसल्या. "बिछान्यातलं मला सांगू नका. तीस वर्षं बिछाने घालतेय मी. उशाची बाजू चुकली की पेशंट रात्रभर तळमळतो. तुमच्या बिछान्याला उसं-पायथं असतं की नाही?"

"लोखंडाला कसलं आलंय उसं! कुठूनही घाला, दोन्ही तोंडं..."

वाक्य अर्धेच राहिले.

त्यांच्या उमेदीच्या काळातील गाड्यांत खरोखरच दोन्ही तोंडे सारखी असत. कोणतेही तोंड आत करून बेअरिंग दाबून बसवावे, चाक फिरे. चाळीस वर्षांत ते ज्ञान डोक्यातून हातांत उतरले होते. पण या गाडीच्या बेअरिंगच्या एकाच तोंडावर चुंबकाचे काळे वलय असते. ते आत, सेन्सरसमोर यावे लागते. सेन्सर त्याच्याकडे पाहूनच वेग ओळखतो. हे झेनोनास यांना ठाऊक होते. हातांना ठाऊक नव्हते.

त्यांनी दोन्ही पुढच्या चाकांचे सेन्सर काढले. एक टाचणी दोऱ्याला बांधून डाव्या चाकाच्या छिद्रातून आत सोडली. ती टपकन चिकटली. मग उजव्या चाकात सोडली. टाचणी दोऱ्याला नुसती लोंबत राहिली.

दिवा जोडून टाकणे हे पाव तासाचे काम होते, आणि त्याबद्दल त्यांना पुढे कोणी जाबही विचारला नसता. झेनोनास यांनी हात पुसले.

"सिस्टर, चूक सेन्सरची नाही. मिठाची नाही. मीच ते उलटं बसवलं."

ल्युत्सियाबाईंचे हसू मावळले. "म्हणजे मी चरात गेले ती..."

"माझ्यामुळे."

"गाडीत मी एकटी नव्हते, उस्ताद. मागे म्हातारे पेत्रोनेलीसकाका होते, डोळ्यांच्या ऑपरेशनवरून परत येत होते. दारावर डोकं आपटलं त्यांचं. मी त्यांची माफी मागितली. म्हटलं, माझंच चालवणं चुकलं."

झेनोनास यांनी खुंटीवरून आपल्या गाडीची किल्ली काढली. ते म्हणाले, "हे उपसताना खराब होणारच. नवं बेअरिंग गुरुवारी येईल. तोवर ही गाडी बाहेर जाणार नाही. माझी न्या."

त्यांनी पुढे केलेली किल्ली ल्युत्सियाबाईंनी घेतली. आभार मानले नाहीत. दारात मात्र त्या वळल्या.

"अशी आणखी किती बसवलीत?"

झेनोनास मनाशी मोजू लागले. या जातीच्या गाड्या गावात आठ-दहा तरी होत्या. वसंतात बेकरीवाला रोलांदास, त्यांच्याकडून बेअरिंग बदलून घेतल्यावर, असाच पिवळा दिवा घेऊन आला होता. त्याला त्यांनी हसून वाटेला लावले होते: जुनी गाडी आहे, चालायचंच.

ते फोनपाशी गेले. पलीकडे पावाच्या भट्टीचा गलका ऐकू आला.

"रोलांदास, झेनोनास बोलतोय. गाडी कुठं आहे तुझी?... बायको घेऊन गेलीय? कुठं?... फोन कर तिला. आत्ता. म्हणावं, सावकाश कडेला घे आणि तिथंच थांब. मी सिस्टरबरोबर येतोय."