शेळीची साक्ष

“पोटात गेलं तर खरं,” असं म्हणत ते गिरणीतून उतरणारं गरम पीठ चिमटीत धरायचे आणि जिभेवर टाकायचे. पेठ तालुक्यातल्या एका गावातले गिरणीवाले. तिथल्या बायकांच्या अंगात रक्त कमी, म्हणून त्यांच्या दळणात लोहाची पावडर मिसळायची, अशी आमच्या कचेरीची योजना होती. दहा किलोला एक चमचा.

मी तेव्हा नवी, नाशिकच्या गंगापूर रोडवरून जीपनं जाणारी विदुषी. गिरणीसमोर तक्ता टांगून पाऊण तास बोलले आणि शेवटी म्हणाले, “यात सरकारनं औषध घातलंय.” नेमकं तेवढंच सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं, हे पोरं न होण्याचं औषध. बायका नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पाट्या डोक्यावर घेऊन दोन कोस लांबच्या गिरणीवर जाऊ लागल्या.

“मॅडम, तुमी बोलल्या आन् माझी गिरणी बसली,” ते म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत.

तोडगा त्यांनीच काढला. गावासमोर म्हणाले, “माझी शेळी रोज हेच पीठ खाईल. गाभण राहिली तर दळण माझ्याकडं. नाय राहिली तर पावडर ओढ्यात.”

“आन् बोकड?” एका आजीनं विचारलं.

“त्यालाबी चारतो. नायतर म्हणशील, दोष त्याचाच हाय.”

पुढं कित्येक महिने गाव शेळीच्या पोटाकडे बघत होतं. कचेरीतले साहेब दरमहा अहवाल मागायचे. मी लिहायची, ‘निष्कर्ष प्रतीक्षेत’. पदवीधर बाई गोठ्यात उकिडवी बसून शेळीच्या कुशीला कान लावतेय. हसा, मीही हसते.

शेळीला दोन करडं झाली. सकाळी गिरणीबाहेर रांग, आणि पुढं तीच आजी. “माझ्या दळणात दोन चमचे घाल. सुनंला जुळी होऊ दे.”

“चमचा एकच, आजी. जुळी शेळीची हायेत, पावडरीची नायत.”

दोनेक वर्षांनी पावडर यायची थांबली. प्रकल्प यशस्वी झाला आणि संपला, असं सांगायला मी गेले.

“बायांचं रक्त भरलं का पण?” त्यांनी विचारलं. माझ्या अहवालात ते कुठंच नव्हतं.

मग एसटीनं तेच नाशिकला आले. आमच्या कचेरीच्या बाकावर, पावडरीचा रिकामा डबा मांडीवर घेऊन बसले. “साहेब येतील,” मी म्हणायची. “बसतो की,” ते म्हणायचे. असे तीन दिवस.

चौथ्या दिवशी बाक मोकळा होता. पुढं ते कधी आले नाहीत. आणि खोटं कशाला बोलू, तो मोकळा बाक पाहून मला हायसं वाटलं होतं.