खिशातला खर्ज

आमच्या घरी कुणाला काही 'दिसलं' की मला बोलवायचे, चेष्टा करून ते घालवायला. सांगलीत कॉलेजात फिजिक्स शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. अमानवीय म्हणावं असं मला फक्त परीक्षेचे पेपर तपासताना भेटलं. तरीही हे लिहितोय... कारण सत्तरच्या दशकातली ती एक दुपार मला अजून सोडवता आलेली नाही.

माझे मामा रहिमतपूरचे. संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे – पायानं भाता मारायचा तो ऑर्गन. कंपनी बंद पडली, ऑर्गन मामांकडे राहिला. तरुणपणी एका मिशन दवाखान्याच्या चर्चमधला ऑर्गन दुरुस्त करताना, तिथल्या गोऱ्या बाई वाजवायच्या ती एक रचना त्यांनी कानानं उचलली होती. एकोणिसाव्या शतकातल्या एका युरोपियन ऑर्गनवादकाची. नाव लिहीत नाही. मामा ते दर वेळी वेगळं उच्चारायचे आणि खरं कुठलं हे मलाही ठाऊक नाही. त्या वादकाचं आयुष्य म्हणजे दिवसभर पोरांच्या शिकवण्या, रविवारी चर्चमध्ये साथ, आणि पहाटे उठून स्वतःचं संगीत लिहायचं. जिवंतपणी त्याला फारसं कुणी विचारलं नाही, असं बाईंनी सांगितलेलं.

"नाटकात आपण नटाच्या मागनं पळायचं," मामा म्हणायचे. "ह्यो गडी कुणाच्या मागनं जात न्हाई. टाळ्यांसाठी थांबत न्हाई. सारं चढत जातं, आन् शेवटाला खर्जाचा एक सूर धरायचा. बाकीचं सारं त्याच्यावर येऊन टेकतं. मग वरचं सोडायचं... त्यो एकटाच ऱ्हातो. लय मोठा मानूस रं."

पाश्चात्त्य संगीतातलं मला काही कळत नाही. पण तो शेवट आला की मी दर वेळी हातातला पेपर बाजूला ठेवून ऐकायचो.

मामांचे गुडघे गेले, भाता मारवेना. ऑर्गन सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका संस्थेच्या संग्रहालयाला द्यायचं ठरलं. संस्थेनं काचेचं कपाट, 'हात लावू नये'ची पाटी आणि भरपूर वक्ते अशी तयारी केली. मामांची अट एकच – कपाटात जाण्याआधी ती रचना एकदा, शेवटची, वाजवणार.

ऑर्गन गुळाच्या ट्रकमधून सांगलीला आला. समारंभाआधी मामांनी भाता मारून पाहिला, तर नेमका तोच खर्जाचा सूर अडकलेला... पट्टीला बोट न लावताच भोंग्यासारखा चालू. मागची फळी काढून बरीच खटपट केली. शेवटी मामांनी त्या सुराची पितळी रीड – हवेनं थरथरून सूर काढणारी पत्ती – आकड्यानं ओढून काढली आणि रिकाम्या खाचेत कापडाचा बोळा कोंबला. फळी मी बसवली.

"मामा, एखादं नाट्यपद वाजवा. लोकांना तेच हवंय."

"लोकांस्नी जलमभर त्येच वाजवलं. आज ह्येच."

"पण शेवटचा सूरच नाही."

"पट्टी दाबीन की. दात पडलं म्हणून मानूस हसायचं थांबतंय व्हय?"

रीड मी रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली.

अध्यक्ष ऑर्गनबद्दल असे बोलले, जणू त्यांनीच तो खांद्यावरून सांगलीला आणला. मग त्यांनी डोळे मिटले, आणि मामांनी सुरुवात केली. गुडघे दुखत होते ते चेहऱ्यावर दिसत होतं, सुरांत नव्हतं. सगळं चढत गेलं. शेवटी मामांनी ती मुकी पट्टी दाबली –

आणि खर्ज लागला. भरदार, स्वच्छ. अध्यक्ष दचकून जागे झाले.

मी मनात लगेच उत्तर काढलं – वरचे सूर एकत्र वाजले की खालचा सूर कानाला भासतो, वर्गात शिकवलेलं आहे. तेवढ्यात मामांनी वरचं सगळं सोडलं. एकच बोट त्या पट्टीवर. तो सूर एकटा राहिला... आणि माझ्या छातीशी, रुमालात, ती रीड थरथरत होती. बोट उचललं तसं दोन्ही थांबलं.

टाळ्या संपायच्या आत मी मागची फळी काढली. बोळा जागच्या जागी होता. घट्ट.

मामा स्टुलावरच बसून होते, ओठ दाबून, डोळे भरलेले. मी रुमाल पुढे केला. "परत बसवायची का?"

त्यांनी ऑर्गनकडे बघून मान हलवली. "ठेव तुझ्यापाशी. तितं जागा रिकामी न्हाई."

मामा आता नाहीत. ऑर्गन कपाटात आहे, रीड माझ्या टेबलाच्या खणात. कुणाकडे उत्तर असेल तर जरूर कळवा. ती बसवून बघायला मी मात्र कधी गेलो नाही.