मेणाशिवाय

शब्दकोशाच्या कचेरीत तिला सगळे ‘पेन्सिलबाई’ म्हणत. शब्दाचा उगम ग्रंथांतून पडताळला जाईपर्यंत कार्डावर तो पेन्सिलीनेच राहायचा, शाई त्यानंतर, असा तिचा दंडक होता. एकवीस वर्षांत तो तिने एकदाच मोडला होता; आणि नेमके ते कार्ड, निवृत्तीला आठवडा उरला असताना, नव्या आवृत्तीच्या तपासणीत तिच्या हाती आले.

इंग्रजी शब्द होता ‘सिन्सिअर’, म्हणजे प्रामाणिक. उगमाच्या रकान्यात तिच्याच अक्षरात, शाईने लिहिलेले: लॅटिन ‘सिने सेरा’, म्हणजे मेणाशिवाय, मूर्तीतली भेग मेणाने न बुजवणारा, तो प्रामाणिक. आधाराची जागा कोरी.

तिचे वडील सुतार होते. लाकडाला भेग पडली की इतर कारागीर मेणात भुसा कालवून ती लिंपत. वडील भेगेवर बोट ठेवून ती गिऱ्हाइकाला दाखवत आणि मगच भाव सांगत. ही कथा कानी पडली तेव्हा तिला वडीलच दिसले होते, आणि पडताळणे राहून गेले.

आता तिने ग्रंथ उघडले. जाणते अभ्यासक त्या कथेला थारा देत नव्हते. मूळ शब्द ‘सिन्सेरुस’, म्हणजे निर्भेळ; त्याच्याही मागे ‘एकाच वाढीचा’ असा अर्थ असावा, हा केवळ तर्क.

ती संपादकांकडे गेली.

“अहो, गुपचूप काढून टाका,” ते म्हणाले. “कोणाच्या बापाला कळणार आहे?”

“माझ्या बापाला कळलं असतं. शुद्धिपत्रात घाला, साहेब. जुन्या आवृत्तीवरून मुलं अजून पाठ करताहेत.”

“जाता जाता पायावर धोंडा कशाला पाडून घेताय? निरोपाच्या भाषणात मी तुमच्या अचूकपणाचंच कौतुक करणार होतो.”

“तेवढं वाक्य गाळा.”

संध्याकाळी ती वडिलांच्या कारखान्यात गेली. तो आता दादा चालवत होता. ऐकताच त्याचा रंधा थांबला.

“अगं, वीस वर्षं गिऱ्हाइकांना तुझी ती गोष्ट ऐकवतोय मी! आता काय सांगू त्यांना?”

“खोटी निघाली म्हणून सांग.”

“आणि भेग?”

“ती दाखवतच जा.”

दुसऱ्या दिवशी तिने कार्डावरच्या जुन्या ओळीवर एकच रेघ मारली, खालचे वाचता येईल अशी. आधाराच्या जागी ग्रंथाचे नाव भरले. ‘निर्भेळ’ शाईने लिहिले. ‘एकाच वाढीचा’ मात्र पेन्सिलीने.