झुल्मीराची लाल फरशी

झुल्मीराच्या घरात बूट घालून पाऊल टाकायची कुणाची टाप नव्हती. घराला आशीर्वाद द्यायला पाद्रीबाबा आले तरी त्यांनाही दारात बूट काढावे लागायचे! नवरा गेल्यावर लोकांची धुणी धुऊन बाईने एकेक लादी बसवली होती, त्यामुळे त्या लाल फरशीवर तिचा भारी जीव. आम्ही तिला हसायचो आणि दारात चपला मुकाट काढायचो.

मे महिन्यात ताक्वारी नदी फुगली आणि घर कौलांपर्यंत बुडालं. पाणी ओसरलं तेव्हा आत गुडघाभर चिखल, आडवा पडलेला फ्रीज आणि सगळीकडे कुजका वास.

तिचा धाकटा भाऊ नेरेउ मदतीला आला. भलता सावध माणूस. मेन स्विच बंद केल्याशिवाय त्याने ताईला उंबरा ओलांडू दिला नाही. हातात मोजे, पायात रबरी बूट. काळ्या घेवड्याची बरणी ती पाठीमागे लपवत होती, तीही हिसकावून घेतली.

"अरे, झाकण घट्ट आहे!"

"आत काय शिरलंय ते दिसतंय का तुला? फेक म्हणतो ना!"

दुपारपर्यंत दोघांनी पुढची खोली उपसून धुतली. चिखलाखालून लाल फरशी वर आली आणि झुल्मीराला रडूच फुटलं. तेवढ्यात मागच्या खोलीतून नेरेउ बादली घेऊन आला, तसाच, चिखलाच्या बुटांनी.

"ए! बूट काढ! आत्ता पुसलंय मी!"

"ताई, अगं मागे सगळा राडा आहे अजून."

"मग अनवाणी कर ये-जा. पाय धुता येतात."

"पूर परवडला, पण ही बाई नको!" म्हणत तो हसला आणि त्याने बूट काढून ठेवले. संध्याकाळपर्यंत तसाच चिखलात राबला. टाचेत काच घुसली तेव्हा तिनेच फडकं बांधलं.

आठवडा उलटला आणि नेरेउ तापाने फणफणला. पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की हात लावू देईना. "उकिडवा बसून घासलंस ना, भरल्यात," म्हणत झुल्मीराने तेल चोळलं. ताप हटेना, तेव्हा बायको नोएलीने त्याला दवाखान्यात नेलं, झुल्मीराही सोबत गेली.

"पुराच्या चिखलात उतरला होतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बूट घालूनच. फार जपतो हो हा," नोएली अभिमानाने म्हणाली.

नेरेउने बहिणीकडे पाहिलं आणि मान डोलावली. ताईला तोंडघशी पाडायला हा माणूस मरतानासुद्धा तयार नव्हता! गावात डेंग्यूची साथ होती, तोच धरून त्याला दाखल केलं आणि औषध सुरू झालं.

उंदरांची लघवी चिखलात मिसळते आणि जखमेतून अंगात शिरते, हे झुल्मीराने रेडिओवर ऐकलेलं होतं. पण बुटांचं खरं सांगायला जीभ रेटेना. नोएली पुन्हा तोंड बघणार नाही, ह्याची भीती. दोन दिवस ती दवाखान्यातल्या बाकावर नोएलीशेजारी बसून राहिली. नोएली थर्मासमधलं गरम पाणी ओतून 'माते' या कडू चहाचा तुंबा भरायची, आधी स्वतः प्यायची, मग तिच्या हातात द्यायची.

तिसऱ्या दिवशी नेरेउचे डोळे पिवळे झाले, लघवी बंद पडली. झुल्मीरा डॉक्टरीणबाईंच्या मागे धावली आणि सगळ्यांदेखत ओरडली, "त्याच्या पायात बूट नव्हते! मीच काढायला लावले! टाच कापलीय त्याची!"

लगेच औषध बदललं, रक्त शुद्ध करायचं मशीन लावलं. पहाटे तो गेला.

दफन झाल्यावर नोएली तिच्यापाशी आली. आवाज चढवला नाही तिने.

"बूट काढायला लावलेत, ते मी समजून घेईन, ताई. फरशीपायी तुम्ही वेड्याच आहात. पण दोन दिवस माझ्या मांडीला मांडी लावून बसलात. माझ्या हातचा तुंबा घेत होतात, आणि तो आत मरत होता."