तीन गिळणारी शेळी

हिशेबाच्या बाबतीत मी काटेकोर आहे. गॅसची टाकी कोणत्या तारखेला लावली, हे घरात फक्त मलाच सांगता येतं. त्यामुळे बालवाडीत मी पोरांना चुकीचे आकडे शिकवते अशी तक्रार आली, तेव्हा घरचे हसले. मला हसू आलं नाही.

बालवाडी शहागंजाजवळ होती. मी एका जुन्या मोज्याची शेळी केली होती. डोळ्यांना शर्टाची बटणं, कानांना हिमरू शालीच्या चिंध्या. हातात चढवली की ती भुईमुगाच्या शेंगा मोजायची, "एक, दोन, चार." तिसरी गिळून टाकायची. मी "मोजा" म्हटल्यावर तोंड न उघडणारी पोरं शेळीला रागवायला मात्र पुढे सरसावायची. सिल्लोडकडच्या कुटुंबातली एक मुलगी कित्येक आठवडे गप्प होती. ती वर्गात पहिल्यांदा बोलली ती शेळीशीच, "ए बकरी, तीन किधर गया?"

एका मुलानं घरी शेळीची नक्कल केली आणि त्याचे वडील संस्थेच्या सचिवांकडे गेले. सचिव मला म्हणाले, पालक फी भरतात, शेळीला नीट मोजायला लावा. मी सांगितलं, त्या मुलाला तीन येतं म्हणूनच ते गाळता येतं. त्यांना पटलं नाही. उद्या वडिलांसमोर बरोबर मोजून दाखवा, नाहीतर आम्ही दुसऱ्या बाई बघतो, असं बजावून ते गेले.

दुसऱ्या दिवशी सचिव आणि वडील दोघं वर्गाच्या दारात उभे राहिले. मी शेळी हातात चढवली.

"एक, दोन, चार."

वर्गात एकच गलका झाला. तोच मुलगा उठला आणि शेळीच्या तोंडासमोर शेंग धरून म्हणाला, "हे तीन हाय. खाऊ नको, आधी मोज."

वडील मुलाकडे बघत राहिले. सचिवांचा चेहरा मात्र तसाच होता. "बाई, मी काल काय सांगितलं होतं?"

"ऐकलं होतं, साहेब. पण शेळी बरोबर मोजायला लागली तर ह्या पोरांनी बोलायचं कशाला? दुसऱ्या बाई खुशाल बघा. मी आहे तोवर शेळी चुकणार."

उत्तराची वाट न बघता मी पोरांकडे वळले. शेळीनं पाच म्हटलं आणि सहा गिळलं.

त्यांनी दुसऱ्या बाई आणल्या नाहीत. शेळीला परवानगीही दिली नाही. मी मागितलीही नाही.