घुमी आणि एक ‘बघू’

घुमीला स्वतःचंच बोलणं आता पटेनासं झालंय की काय, ही शंका आईच्या डोक्यातून जाता जात नव्हती. फोनवर लेक व्यवस्थित बोलायची. जेवलीस का, जेवले. झोप लागते का, लागते. पण प्रत्येक उत्तराआधी जराशी थांबायची, पेपर परत देण्याआधी पोरं त्यावरून एकदा नजर फिरवतात तशी. पूर्वी ती गप्प असायची ते दुसऱ्याचं नीट ऐकता यावं म्हणून. हल्ली ती स्वतःचे शब्द तोंडातल्या तोंडात तपासून मग बाहेर सोडायची. आईने हे बाबांना सांगून पाहिलं.

"ती लहानपणापासून अशीच आहे," म्हणून बाबांनी पुन्हा शब्दकोड्यात डोकं घातलं.

घुमी हे नाव मावशीने ठेवलेलं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण; शेजारी कुणी क्षणभर गप्प बसलेलं तिला खपत नाही. भाची पाहुण्यांसमोर तोंड उघडेना, तेव्हा "काय घुमी आहे गं ही!" असं ती म्हणाली आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. शाळेत मैत्रिणी भांडल्या की दोन्हीकडच्या मुली पाळीपाळीने हिच्याकडे येऊन मन मोकळं करून जायच्या. ही ना निवाडा द्यायची, ना सल्ला. तरी मुली हलक्या होऊन जायच्या. पोरगी सगळ्यांचं ऐकून स्वतः आत काय साठवत असेल, याची आईला तेव्हापासून काळजी. अर्थात आईची काळजी घरातल्या पंख्यासारखी होती, सतत चालू असायची, म्हणून कुणाला ऐकू यायची नाही.

पदवीनंतर घुमी एका विमा कंपनीत कर्मचारी विभागात लागली. तिथेही तेच. राजीनामा द्यायला आलेला माणूस तिच्या टेबलाशी बसायचा, बोलायचा आणि कागद घडी करून खिशात घालून परत जायचा. साहेबांना वाटे, हिच्याकडे काही जादू आहे. सुट्टीच्या दिवशी वर्ग करून तिने या कामाचं रीतसर शिक्षण घेतलं, नोकरी सोडली आणि कोच म्हणून पाटी लावली.

"कोचिंग? कुठल्या विषयाचं? गणित का विज्ञान?" मावशीने विचारलं.

"कुठल्याच विषयाचं नाही, मावशी. नोकरीत अडकलेली, बढती मिळून गांगरलेली माणसं येतात. मी प्रश्न विचारते."

"आणि उत्तरं?"

"ती त्यांचीच त्यांनी शोधायची."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे उत्तर त्यांनी द्यायचं आणि फी तू घ्यायची?"

"हो."

"मग धंदा वाईट नाही."

तिची खोली एका चष्म्याच्या दुकानावर होती. जिन्यात दुकानदाराची भलीमोठी पाटी, तिच्याखाली घुमीची वहीच्या पानाएवढी. त्यामुळे अधूनमधून कुणीतरी वर येऊन "नंबर काढायचाय" म्हणे. खोलीत दोन खुर्च्या, समोरासमोर न मांडता जराशा तिरक्या, म्हणजे बोलणाऱ्याला वाटलं तर खिडकीकडे बघता यावं. मध्ये बुटकं टेबल, पाण्याचा तांब्या, कागदी रुमालांचा डबा. घड्याळ पाहुण्याच्या खुर्चीमागे, म्हणजे मनगटाकडे न पाहता घुमीला वेळ कळे. आई एकदा त्या खुर्चीत बसून आली होती. दोन मिनिटांत तिला काहीबाही बोलावंसं वाटायला लागलं, तेव्हा घाबरून उठली.

काम वाढलं तशी टिपणं वाढली. प्रत्येक भेटीनंतर घुमी तासभर लिहीत बसायची. मग सोबतच्या एका कोचने तिला फोनमधला एआय दाखवला. तो बोलणं ऐकतो, शब्दन् शब्द उतरवतो आणि शेवटी मुद्दे काढून सारांश देतो. पुढच्या भेटीत काय विचारावं हेसुद्धा सुचवतो. सुरुवातीला घुमी प्रत्येकाला विचारायची, "हे चालू ठेवू का? नको असेल तर बंद करते." कुणी नको म्हणालं की ती फोन पिशवीत टाकायची. पुढे पुढे हा प्रश्न करारपत्रात गेला. तिसऱ्या पानावर तळाशी एक ओळ होती, तिच्याखाली माणसं सही करायची. सही करताना ती ओळ कोण वाचतं! विचारायचं थांबलं असं घुमीला कधी वाटलं नाही, कारण कागदावर ते होतंच.

हे सगळं आईला कळलं ते मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर. डोळ्यांत थेंब घालायला घुमी रोज यायची. थेंब घातले की आईने डोळे मिटून पडून राहायचं, आणि लेकीने शेजारी बसायचं. आपल्याकडे कुणी बघत नाहीये, हे घुमीला बोलायला सोयीचं पडलं असावं.

"आई, एक बाई येतात माझ्याकडे. मोठ्या हुद्द्यावर आहेत."

"कुठे असतात?"

घुमीने कापसाने आईचा गाल टिपला. आईच म्हणाली, "बरं, नको सांगूस. पुढे बोल."

ठावठिकाणा कळेना म्हणून आईने मनातल्या मनात त्यांना बढतीबाई म्हणायला सुरुवात केली. त्यांना त्यांच्या कंपनीने घुमीकडे पाठवलं होतं. दुसऱ्या शहरात मोठी जागा देऊ केली होती, त्यासाठी त्यांची तयारी व्हावी म्हणून. महिन्याला कंपनीला दोन-चार ओळी कळवायच्या, गाडी कुठवर आली एवढंच. खाजगी काही नाही. एका भेटीत बढतीबाई बराच वेळ खिडकीकडे बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, "मॅडम, हे तुमच्या-माझ्यातच ना?" घुमी म्हणाली, "हो." टेबलावर तिचा फोन पालथा होता आणि ऐकत होता.

त्यानंतर त्या खूप बोलल्या. काय बोलल्या ते घुमीने आईलाही सांगितलं नाही. नव्या जागेबद्दल मात्र दर वेळी एवढंच म्हणाल्या: घरी बोलून बघू. पुढच्या महिन्यात बघू. बघू.

"मग?" आईने विचारलं.

"मग तुझं ऑपरेशन आलं."

तू आत होतीस, मी बाहेर बाकावर, तुझा चष्मा माझ्या हातात, असं घुमीने सांगितलं. तेवढ्यात कंपनीच्या साहेबांचा निरोप आला, या महिन्याच्या ओळी राहिल्यात. तिने एआयचा सारांश उघडला, दोन शब्द बदलले आणि पाठवून दिला. सारांशात होतं: नव्या जबाबदारीकडे सकारात्मकपणे बघत आहेत, कुटुंबाशी चर्चा करून पुढील महिन्यात निर्णय अपेक्षित.

साहेब खूश झाले. त्यांनी बढतीबाईंच्या सध्याच्या जागेवर कोण येणार ते जाहीरसुद्धा करून टाकलं. सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा बाईंना कळलं की आपण हो म्हटलंय.

वेळ न ठरवता त्या जिना चढून वर आल्या. "मॅडम, मी हो कधी म्हणाले?"

घुमीने सारांश वाचून दाखवला.

"अहो, बघू म्हटलं होतं मी! बघू म्हणजे नाही. माझ्या नातवालाही कळतं ते. खेळण्यांच्या दुकानात बघू म्हटलं की तिथल्या तिथे भोकाड पसरतो." आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही तर समोर बसला होतात."

आई डोळे मिटून ऐकत होती. तिला आधी नातवाचं हसू आलं, मग आलेलं हसू कुठे ठेवावं ते कळेना.

"अगं, गैरसमज झाला म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. त्या दिवशी माझं ऑपरेशनही होतंच. खोटं थोडंच आहे?"

"खोटं नाही. पण मशीन ऐकत होतं हे त्यांना माहीतच नाही, आई. त्यांना वाटतंय, मला कळलं नाही."

"वाटू दे की! मशीनचं काढलंस तर उगाच आणखी फाटे फुटतील."

"त्यांनी मला विचारलं होतं, तुमच्या-माझ्यातच ना. मी हो म्हणाले. बघूचा अर्थ चुकला हे मी दुरुस्त करू शकते. त्या होचं काय करू?"

आईने दुसरा डोळा पुढे केला.

पुढच्या आठवड्यात घुमीने जे करायचं ते केलं. बढतीबाईंना बोलावून सगळं सांगितलं: फोन ऐकत होता, ओळी त्याने लिहिल्या, मी न तपासता माझ्या नावाने पाठवल्या. ध्वनिमुद्रणं त्यांच्यादेखत पुसली. कंपनीला कळवलं की बाईंनी होकार दिलेला नव्हता, चूक सर्वस्वी माझी आहे. बाईंची जागा वाचली. नवा येणारा माणूस दुसरीकडे गेला. साहेबांनी घुमीला आभाराचे चार शब्द कळवले आणि त्यानंतर तिच्याकडे माणसं पाठवणं बंद केलं. बढतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पर्स उचलली, "येते," म्हणाल्या आणि गेल्या. पुढची वेळ त्यांनी मागितली नाही, घुमीनेही विचारली नाही.

आता एआय पूर्ण बंद आहे असंही नाही. बाबांनी विचारलं तेव्हा घुमीने सांगितलं, "मशीनवर राग धरून काय करू? त्याला ऐकायला मीच बसवलं होतं." करारातली ती ओळ तिने काढून टाकली. प्रत्येक भेटीच्या सुरुवातीला ती तोंडाने विचारते, फोन सुलटा ठेवते आणि मध्येच माणसाने हात वर केला की बंद करते. सारांश आधी त्या माणसाच्या हातात जातो. तो खोडतो, बदलतो, मग उरेल ते ठेवायचं. कंपनीला काय कळवायचं ते ज्याचं त्याने स्वतः लिहायचं. प्रश्न मात्र ती मशीनकडून घेत नाही. तिने आपल्या सगळ्या माणसांना हे कळवलं. काहींनी कौतुक केलं, दोघे-तिघे आलेच नाहीत, आणि एकाने विचारलं, "एवढं सगळं करायचं तर मॅडम, फी वाढणार का?"

पण खोली रिकामी राहायला लागली. चष्मेवाल्याने एकदा आईला जिन्यात गाठून विचारलं, "ताई बऱ्या आहेत ना? वरचा दिवा लवकर बंद होतो हल्ली." घरी येऊन आईने मावशीला फोन लावला आणि मन हलकं करायला म्हणून बरंच काही बोलून गेली.

मावशीकडे कुठल्याही प्रश्नावर माणूस असतोच. तिच्या दिरांच्या ओळखीच्या एका शिक्षणसंस्थेत कर्मचारी विभागाची जागा रिकामी होती. "पण तिचं मन आहे ना? नाहीतर माझं नाक कापलं जायचं," मावशी म्हणाली.

"आहे गं. कंटाळलीय ती. तयार होईल."

चार दिवसांनी मावशीचा फोन. आवाज नुसता फुललेला. "सांगून टाकलं बघ! सोमवारी बोलावलंय. म्हटलं, आमची घुमी तयार आहे, तुम्ही दुसरं कुणी बघू नका."

"अगं, पण तिला अजून..."

"तूच म्हणालीस ना, तयार आहे? आता फक्त तिला नीट साडी नेसून जायला सांग. तोंड उघडायलाही सांग."

त्या रविवारी घुमी दुपारी आली. बाबा कोड्यात आणि आई भाजी निवडत. आईने जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं, "परत नोकरी करावी असं वाटतं का गं कधी?"

घुमी थांबली. तीच ती थांबण्याची नवी सवय.

"वाटतं कधी कधी."

हुश्श, असं आईच्या मनात आलं. इथेच धागा पकडून सोमवारचं सांगून टाकावं. वाक्य तिच्या ओठांवर होतं. पण घुमीचा चेहरा बोलणं संपलेल्या माणसाचा दिसेना, म्हणून आई उगाच शेंगा मोडत राहिली. एक, दुसरी, तिसरी. बाबांचं पेन्सिल घासणंसुद्धा ऐकू यायला लागलं.

"पण सकाळी कुलूप काढलं की जातं," घुमी म्हणाली. "खुर्च्या पुसते, पाणी भरते. त्या बाई कधी परत आल्या आणि खोली बंद दिसली, तर त्यांना वाटेल मी पळाले. नाही आल्या तर नाही. पण दार उघडं हवं."

"आणि नाहीच चाललं तर?"

"तर मी सांगेन ना तुला, नाही चाललं म्हणून." आणि बऱ्याच दिवसांनी ती न थांबता हसली. "तू काय शेंगांचा चुरा करतेयस? दे इकडे."

ती गेल्यावर आई हात धुऊन फोनशी आली. मावशी चिडणार होती. दिरांसमोर तोंडघशी पडले म्हणणार, मग तुझीच लेक, तुझंच तोंड, असं ऐकवणार, आणि पुढचे दोन महिने प्रत्येक बोलण्यात टोमणा. ते सगळं रास्तच होतं.

"कुणाला करतेस?" बाबांनी कोड्यातून डोकं वर काढलं.

"धाकटीला. सांगते, तयार आहे असं घुमी म्हणालीच नव्हती. मी म्हणाले होते."

"आत्ता? उद्या सकाळी कर. ती आता तासभर सोडायची नाही तुला."

"उद्या सोमवार," आई म्हणाली आणि तिने नंबर लावला.